समुद्राकाठचे एक घर विक्रीस निघते

जुने घर विकावयास निघाले म्हणजे त्याच्याभोवती दोन प्रकारचे बोलणे सुरू होते. एक किमतीचे आणि दुसरे आठवणींचे. किमतीचे बोलणे चारचौघांत, मोठ्या आवाजात होते. आठवणींचे बोलणे त्या मानाने दबकत होते, कारण व्यवहारात त्याला जागा नसते. १९९५ साली अमेरिकेच्या फ्लॉरिडा राज्यात, अटलांटिक महासागराच्या अगदी काठावर उभे असलेले एक घर असेच विकले गेले. बासष्ट वर्षे ते एकाच कुटुंबाकडे होते. त्या कुटुंबाचे नाव केनेडी. अमेरिकेचे पस्तिसावे राष्ट्राध्यक्ष जॉन फिट्झजेराल्ड केनेडी यांच्या वडिलांनी ते घेतले होते, आणि राष्ट्राध्यक्षांच्या कारकीर्दीत वृत्तपत्रे त्याचा उल्लेख 'हिवाळ्यातील व्हाइट हाउस' असा करीत. ज्या खोल्यांत एका देशाचे मंत्रिमंडळ ठरत होते, त्या खोल्या पुढे पलंग, टेबल-खुर्च्यांसकट एका परक्या गृहस्थाच्या नावावर झाल्या.

हे घर ज्या गावी आहे, त्या पाम बीचची जन्मकथा कोकणच्या आणि गोव्याच्या माणसास आपलीशी वाटेल अशी आहे. हे गाव म्हणजे समुद्र आणि खाडी यांच्यामध्ये आडवी पडलेली वाळूची एक लांबट, अरुंद पट्टी. पूर्वेस अटलांटिक, पश्चिमेस लेक वर्थ नावाची खाडी. नारळाचे झाड येथले मूळचे नव्हे. १८७८ च्या जानेवारीत 'प्रॉव्हिडेन्सिया' नावाचे एक जहाज या किनाऱ्यावर येऊन फुटले. त्यात सुमारे वीस हजार नारळ होते. तुरळक वस्ती करून राहणाऱ्या लोकांनी ते नारळ गोळा केले, विकत घेतले आणि वाळूत पुरले. काही वर्षांतच तेथे माडांच्या रांगा उभ्या राहिल्या आणि त्या माडांवरूनच गावाला नाव मिळाले. पुढे हेन्री फ्लॅग्लर या रेल्वेसम्राटाने आपली रेल्वे तेथवर आणली, १८९४ मध्ये एक प्रचंड हॉटेल बांधले, आणि उत्तरेतील थंडीने गारठलेल्या धनवंतांना हिवाळा काढावयास एक हक्काचे ठिकाण मिळाले. नारळ जहाजफुटीने आला, लक्ष्मी आगगाडीने आली.

लक्ष्मी आली की गवंडी येतो. पाम बीचला गवंडी मिळाला तो ॲडिसन मिझनर. या माणसाने वास्तुशास्त्राची रीतसर पदवी घेतलेली नव्हती. पण स्पेन, मध्य अमेरिका वगैरे ठिकाणी त्याने पुष्कळ पाहिले होते, आणि जे पाहिले ते त्याच्या हातात उतरले होते. १९१८ साली तो पाम बीचला आला आणि पुढच्या सात-आठ वर्षांत त्याने गावाचा चेहरा पालटून टाकला. लाल कौले, पांढऱ्या गिलाव्याच्या भिंती, कमानी, मधले मोकळे चौक, लोखंडी जाळ्या, जाड लाकडी दारे. भूमध्य समुद्राकाठच्या जुन्या हवेल्यांचा हा सारा थाट त्याने फ्लॉरिडाच्या वाळूवर उभा केला. कौले आणि फरश्या तो स्वतःच्या कारखान्यात बनवून घेई, आणि नवे बांधकाम जुने दिसावे म्हणून मुद्दाम त्यावर काळाचे वळ उमटवी. नव्या श्रीमंतांना जुने घर हवे असते, हे त्याने बरोबर ओळखले होते.

१९२३ साली मिझनरने फिलाडेल्फियाच्या रॉडमन वानामेकर यांच्यासाठी गावाच्या उत्तर भागात समुद्रासमोर एक घर बांधले. वानामेकर हे मोठ्या पेढीचे, विविध वस्तूंच्या अवाढव्य दुकानाचे मालक. घराचे नाव पडले 'ला केरिदा'. शब्द स्पॅनिश आहे. पण ज्यांच्या कानावर जुन्या गोव्यातील पोर्तुगीज पडली आहे त्यांना त्याचा अर्थ सांगावयास नको. केरिदा म्हणजे लाडकी, प्रिय. पुढे ज्यांनी ते घेतले त्यांच्या तोंडी मात्र हे नाव कधी फारसे रुळले नाही.

वानामेकर १९२८ साली वारले. तोवर फ्लॉरिडाच्या जमिनींचा फुगा फुटला होता. १९२५ पर्यंत जी जागा सोन्याच्या भावाने जात होती तिला १९२६ नंतर गिऱ्हाईक मिळेना. १९२८ च्या सप्टेंबरात भयंकर चक्रीवादळ नेमके याच किनाऱ्यावर आदळले, आणि वर्षभराने न्यू यॉर्कचा शेअरबाजार कोसळला. ज्यांच्याजवळ अशा वेळी रोख पैसा शिल्लक होता अशा थोड्यांपैकी एक होते बॉस्टनचे जोसेफ पॅट्रिक केनेडी. बाजार कोसळण्यापूर्वी त्यांनी आपला पैसा शिताफीने बाहेर काढला होता. १९३३ साली त्यांनी हे घर सुमारे १ लाख २० हजार डॉलरना घेतले आणि मॉरिस फातिओ या दुसऱ्या नामांकित वास्तुतज्ज्ञाकडून त्यात भर घालून घेतली. दुसऱ्याच्या पडत्या काळात आपली वास्तू घेणे हा प्रकार जगात सर्वत्र चालतो. त्यात बेकायदेशीर काही नाही, आणि फार मोठेपणाचेही काही नाही.

घर भव्य होते, पण राजवाडा नव्हे. सुमारे दोन एकरांची जागा, समुद्राकडची बाजू दोनशेएक फुटांची. रस्त्याच्या अंगाला उंच भिंत आणि तिच्यात बसवलेले जुन्या धाटणीचे जड लाकडी दार. रस्त्याने जाणाऱ्यास एवढेच दिसे. दार उघडून आत गेले की चौक, मग दिवाणखाना, आणि त्यापलीकडे हिरवळ, पोहण्याचा तलाव, माड आणि समुद्राच्या लाटा थोपविणारी भिंत. तलावाजवळ जोसेफ केनेडींनी एक आडोसा करून घेतला होता. चारी बाजूंनी बंद, वर छप्पर नाही. तेथे ते उन्हात पडून राहत आणि टेलिफोनवरून आपला व्यापार चालवीत. त्यांच्या पत्नी रोझ यांचा दिवस वेगळ्या रीतीने सुरू होई. गावातील सेंट एडवर्ड चर्चमध्ये सकाळच्या मिसेला जाणे हा त्यांचा परिपाठ. नऊ मुलांची आई, प्रत्येक मुलाच्या लशी, आजार, वजन यांची नोंद वेगवेगळ्या पत्त्यांवर लिहून पेटीत ठेवणारी. नाताळ आणि ईस्टर या दोन सणांना सारी मुले येथे गोळा होत. उन्हाळा मॅसॅच्युसेट्समधील हायानिस पोर्ट येथे आणि हिवाळा येथे, असा कुटुंबाचा वर्षाचा क्रम ठरून गेला.

या मुलांपैकी दुसरा जॉन. प्रकृतीने लहानपणापासून तोळामासा. हे घर त्याच्यासाठी पुष्कळदा दवाखानाच झाले. दुसऱ्या महायुद्धात, ऑगस्ट १९४३ मध्ये, त्याची छोटी युद्धनौका जपानी विनाशिकेने मधोमध कापली, तेव्हा पॅसिफिकमधील बेटावरून त्याने मदतीचा निरोप पाठविला तो नारळाच्या करवंटीवर कोरून. ती करवंटी पुढे राष्ट्राध्यक्षांच्या टेबलावर कायमची जाऊन बसली. तेथून परतल्यावर १९४४ च्या आरंभी तो याच माडांखाली काही काळ येऊन राहिला. त्यानंतर पाठीच्या दुखण्याने त्यास अगदी बेजार केले. ऑक्टोबर १९५४ मध्ये शस्त्रक्रिया झाली, ती जिवावर बेतली. १९५५ च्या फेब्रुवारीत पुन्हा झाली. तोवर तो सेनेटर झाला होता. त्या दीर्घ आजारपणात, पाम बीचच्या घरी बिछान्यात पडल्या-पडल्या, लोकमताचा रोष पत्करूनही आपल्या सदसद्विवेकाला जागलेल्या आठ अमेरिकन सेनेटरांवरील पुस्तकाचे काम त्याने केले. त्या लेखनात त्याचे साहाय्यक थिओडोर सोरेन्सन यांचा वाटा फार मोठा होता, हे आता सर्वमान्य आहे. पुस्तकास १९५७ चे पुलिट्झर पारितोषिक मिळाले, आणि सेनेटरचे नाव घरोघर झाले.

८ नोव्हेंबर १९६० रोजी केनेडी निवडून आले. कॅथलिक पंथाचा माणूस त्या देशाचा राष्ट्राध्यक्ष होण्याची ती पहिलीच वेळ. निकालानंतर ते थेट वडिलांच्या घरी विसावा घेण्यास आले, पण विसावा कसला! मंत्री निवडावयाचे, अधिकारी नेमावयाचे. वार्ताहर दाराबाहेर तळ देऊन बसलेले. १८ नोव्हेंबरला गुप्तचर संस्थेचे प्रमुख ॲलन डलेस आपल्या सहकाऱ्यासह येथे आले आणि क्यूबावर निर्वासितांकरवी चढाई करण्याच्या बेताची माहिती त्यांनी नियोजित राष्ट्राध्यक्षांना दिली. पुढच्या एप्रिलमध्ये 'बे ऑफ पिग्ज' येथे त्या बेताचा जो बोजवारा उडाला तो जगाने पाहिला. पण त्या प्रकरणाचे पहिले कागद उलगडले गेले ते या घरी. याच महिन्यात, २४ तारखेच्या रात्री, केनेडी वॉशिंग्टनहून विमानाने पाम बीचला आले, तो मागे पत्नी जॅकलीन यांना अवेळी कळा सुरू झाल्याचे कळले. आल्या पावली ते दुसऱ्या विमानाने माघारी फिरले. ते पोचण्यापूर्वीच मुलगा झाला होता.

त्यानंतरचा प्रसंग थोडा सविस्तर सांगण्याजोगा आहे. त्या दाराने पाहिलेल्या गोष्टींत तो सर्वांत भयंकर होता, आणि त्या दिवशी तो कोणाला दिसलाही नाही.

११ डिसेंबर १९६०, रविवार. रिचर्ड पावलिक नावाचा त्र्याहत्तर वर्षांचा म्हातारा आपली मोटार घेऊन घराजवळ थांबला होता. न्यू हॅम्पशायरमधील बेलमाँट या लहानशा गावचा हा रहिवासी, टपाल खात्यातून निवृत्त झालेला. केनेडींच्या बापाने पैशाने राष्ट्राध्यक्षपद विकत घेतले, आणि त्यातून तो कॅथलिक, हे दोन काटे त्याच्या मनात एकसारखे सलत होते. मोटारीत त्याने डायनामाइट भरले होते. केनेडी प्रार्थनेस जाण्यासाठी बाहेर पडले की त्यांच्या गाडीवर आपली गाडी घालावयाची आणि दोघांचाही शेवट करावयाचा, असा त्याचा संकल्प. दार उघडले. केनेडी बाहेर आले. पण त्यांना निरोप देण्यास दारात जॅकलीन आणि तीन वर्षांची कॅरोलिनही आल्या. म्हाताऱ्याचा हात थांबला. बायकामुलांना मारावयाचे नाही, असे त्याने पुढे सांगितले. आपण पुन्हा संधी साधू, असा त्याचा विचार होता. केनेडींची गाडी चर्चच्या दिशेने निघून गेली.

पुन्हा संधी मिळाली नाही, याचे श्रेय कोणा सेनापतीला नव्हे, एका खेड्यातील पोस्टमास्तरला आहे. पावलिक गावी अधूनमधून पत्रे पाठवी, आणि त्यांत लौकरच माझे नाव तुमच्या कानी येईल, अशा अर्थाची भाषा असे. पोस्टमास्तरची नजर मजकुरापेक्षा शिक्क्यावर आधी जाते. त्या गृहस्थाच्या ध्यानात आले की, ज्या गावचे शिक्के या पत्रांवर आहेत, त्याच गावी त्या-त्या दिवसांत केनेडी होते. त्याने वेळ न दवडता अधिकाऱ्यांना कळविले. १५ डिसेंबरला पाम बीचकडे येणाऱ्या पुलावर पोलिसांनी पावलिकची गाडी अडविली. डायनामाइट आतच होते. खटला शेवटास गेला नाही. त्याला वेड्यांच्या इस्पितळात ठेवण्यात आले. हल्ली संरक्षणाच्या साधनांची केवढी वर्णने ऐकू येतात! त्या वर्षी शिक्क्यावरची तारीख वाचण्याची एका माणसाची सवय पुरेशी झाली.

जानेवारी १९६१ मध्ये शपथविधीच्या भाषणावर शेवटचा हात याच घरी फिरला. तलावाच्या काठी बसून वाक्ये खोडावयाची, पुन्हा लिहावयाची. भाषण छोटे झाले पाहिजे, हा केनेडींचा आग्रह.

घरावर पहिली खरी सावली पडली ती त्याच वर्षाच्या अखेरीस. १९ डिसेंबर १९६१. हा दिवस गोव्याच्या माणसास कधी विसरता येणार नाही. साडेचारशे वर्षांची पोर्तुगीज सत्ता त्या दिवशी संपली. त्याच दिवशी सकाळी राष्ट्राध्यक्ष पाम बीचहून वॉशिंग्टनला परत गेले. मुलास विमानतळावर निरोप देऊन त्र्याहत्तर वर्षांचे जोसेफ केनेडी नेहमीप्रमाणे गोल्फ खेळावयास गेले, आणि तेथे त्यांना अर्धांगाचा झटका आला. मुलगा रात्री परत आला. म्हातारा वाचला, पण उजवे अंग गेले आणि वाचाही गेली. ज्या माणसाने आयुष्यभर टेलिफोनवरून हुकूम सोडले, त्याच्या तोंडून पुढची आठ वर्षे 'नाही' या एका शब्दाखेरीज क्वचितच काही स्पष्ट उमटले. तलावाजवळचा तो बिनछपराचा आडोसा आता रिकामा पडला.

याच डिसेंबरात खाडीतील पीनट नावाच्या छोट्या बेटावर नौदलाच्या माणसांनी घाईघाईने जमिनीखाली एक आश्रयस्थान खणले. राष्ट्राध्यक्ष पाम बीचला असताना अणुयुद्ध पेटलेच, तर त्यांना काही मिनिटांत तेथे नेता यावे यासाठी. ती गुहा पुढे काही वर्षे लोकांना दाखविलीही जात असे. एकीकडे मुले हिरवळीवर ईस्टरची रंगीत अंडी शोधत आहेत आणि पलीकडच्या बेटावर मातीखाली शिशाचे आणि काँक्रीटचे अस्तर घातले जात आहे. त्या काळाचे चित्र काढावयाचे झाल्यास दुसरे काही शोधावयास नको.

१९६३ च्या नोव्हेंबरातील १६ व १७ या तारखांचा शनिवार-रविवार राष्ट्राध्यक्षांनी येथे घालविला. शनिवारी केप कॅनाव्हरल येथे जाऊन त्यांनी पाणबुडीवरून सोडलेले पोलॅरिस क्षेपणास्त्र पाहिले, सॅटर्नचा तो प्रचंड अग्निबाणही पाहिला. सोमवारी १८ तारखेस येथून टँपा आणि मायामी येथील सभांसाठी ते निघाले. शुक्रवारी डॅलस.

त्यानंतरच्या काळाची हकीकत थोडक्यात आटोपलेली बरी. जोसेफ केनेडी १९६९ च्या नोव्हेंबरात वारले. त्यापूर्वी वर्षभर रॉबर्टचाही खून झालेला त्यांनी ऐकला होता. रोझ मात्र दर हिवाळ्यास येत राहिल्या, सकाळच्या मिसेला जात राहिल्या, समुद्रात पोहत राहिल्या. पैशाची ददात नव्हती. पण त्या काटकसरीच्या, आणि घराची डागडुजी मागे पडत गेली. समुद्राकाठचे घर म्हणजे काय, हे मालवण-वेंगुर्ल्याच्या लोकांस ठाऊक आहे. खारा वारा बिजागरी खातो, खिळे खातो, भिंतीचा गिलावा फुगवतो. दरवर्षी हात फिरवला नाही तर घर आतून सुटत जाते. १९८४ च्या ईस्टरला रोझ यांनाच पक्षाघात झाला आणि त्यांचे येणे थांबले. त्याच आठवड्यात आजीला भेटावयास आलेला रॉबर्टचा एक तरुण मुलगा गावातील हॉटेलात मृत सापडला. १९९१ च्या ईस्टरच्या सुमारास घरातील एका तरुणावर अत्याचाराचा आरोप आला. खटला झाला, डिसेंबरमध्ये तो निर्दोष सुटला. पण त्या खटल्याच्या निमित्ताने घराचा समुद्राकडचा भाग, हिरवळ, भिंत, सारे काही महिनोन् महिने दूरचित्रवाणीवर दिसत राहिले. उंच भिंतीने साठ वर्षे जे झाकले होते ते एका उन्हाळ्यात चव्हाट्यावर आले.

येथे एक गोष्ट ध्यानात घेण्याजोगी आहे. पाम बीचच्या नगरात ऐतिहासिक वास्तूंची एक यादी असते; त्या यादीत नाव गेले की परवानगीवाचून घराचे बाह्यरूप बदलता येत नाही. या घराचे नाव यादीत घालण्याची सूचना नगराच्या समितीकडून आली, तेव्हा विरोध झाला तो खुद्द केनेडी कुटुंबाकडून. आमचे घर हे राहते घर आहे, स्मारक नव्हे, अशी भूमिका. लोकांना नवल वाटले. ज्या घराण्याने सार्वजनिक जीवनात एवढे मिळविले आणि एवढे गमावले, त्याने आपल्या घरावर जनतेचा एवढासा हक्क मानू नये? पण दुसऱ्या बाजूनेही पाहिले पाहिजे. यादीत गेलेल्या घराची किंमत उतरते, गिऱ्हाईक बिचकते. आणि किमतीखेरीजही काही कारण असू शकेल. ज्या घराकडे दुर्बिणी लावून लोक वर्षानुवर्षे बसले होते, त्या घरातील माणसांना आणखी एक सरकारी डोळा नकोसा झाला असल्यास त्यांना फार दोष देता येत नाही.

रोझ केनेडी २२ जानेवारी १९९५ रोजी हायानिस पोर्ट येथे एकशे चार वर्षांच्या होऊन वारल्या. नऊ मुलांपैकी पाच हयात होती, नातवंडे पंचविसांवर. हिवाळ्यात येथे येऊन राहणारे असे कोणी उरले नव्हते. आपल्याकडे अशा वेळी वाड्याच्या वाटण्या होतात, मधून विटांची भिंत पडते आणि परसातली विहीर सामाईक राहते. तिकडे ती पद्धत नाही. घर अखंड विकावयाचे आणि पैसे वाटून घ्यावयाचे. त्याच वर्षी व्यवहार झाला. किंमत ४९ लाख डॉलर, सामानसुमानासह. घेणारे न्यू यॉर्कचे एक पेढीवाले गृहस्थ. १९३३ ची किंमत धरली तर चाळीस पट. परंतु पाम बीचच्या समुद्राकाठच्या मानाने ही रक्कम माफकच म्हणावी लागेल. छपरातून पाणी येणाऱ्या, गंज लागलेल्या घराची ती किंमत होती.

नव्या मालकाने मात्र घराची आबरू राखली. मिझनरचे मूळ काम जपत त्याने दुरुस्ती केली, केनेडींच्या काही वस्तू जागच्या जागी ठेवल्या. वीस वर्षे राहून २०१५ साली त्याने घर विकले ते ३ कोटी १० लाख डॉलरना. पाच वर्षांनी, २०२० मध्ये, ते पुन्हा विकले गेले. या खेपेस ७ कोटी डॉलर. म्हणजे केनेडींना जे मिळाले त्याच्या चौदा पटींहून अधिक.

या आकड्यांत इतिहासाचा वाटा किती आणि वाळूचा किती? दुसऱ्या एका विक्रीवरून याचा थोडा अंदाज बांधता येतो. घर विकल्याच्या पुढच्याच वर्षी, एप्रिल १९९६ मध्ये, जॅकलीन यांच्या निधनानंतर त्यांच्या चीजवस्तूंचा न्यू यॉर्कला लिलाव झाला. खोट्या मोत्यांची एक तीनपदरी माळ, जिचा अंदाज पाचसातशे डॉलरांचा होता, ती २ लाख ११ हजार ५०० डॉलरना गेली. जुन्या खुर्च्या, गोल्फच्या काठ्या, पेट्या असे करीत चार दिवसांत जमले ते ३ कोटी ४५ लाख डॉलर. ज्या घरात तो संसार काही काळ झाला त्या घराच्या सात पट. माळ गळ्यात घालता येते, कपाटात ठेवता येते. तिच्याबरोबर खारा वारा येत नाही, कर येत नाही, खटल्याची आठवण येत नाही. घराच्या बाबतीत लोकांनी पैसे मोजले ते मुख्यतः समोरच्या दोनशे फुटांसाठी. आणि त्या दोनशे फुटांतही गंमत अशी की, फ्लॉरिडाच्या कायद्याप्रमाणे सरासरी भरतीरेषेच्या खालचा किनारा राज्याकडे सर्व जनतेसाठी विश्वस्त म्हणून असतो. विकत घेणाऱ्यास ओली वाळू मिळत नाही. तिच्यावरून कोणीही चालत जाऊ शकतो, आणि चालता-चालता मान वळवून त्या घराकडे पाहू शकतो.

केनेडींनी आपल्या साऱ्याच घरांचा असा निरोप घेतला, असे मात्र नाही. हायानिस पोर्टचे उन्हाळ्यातील मुख्य घर धाकटा मुलगा एडवर्ड यांच्या मृत्यूनंतर, २०१२ साली, त्यांच्या नावे स्थापन झालेल्या संस्थेस देण्यात आले. पण आईची निवड त्याहूनही वेगळी होती. बॉस्टनजवळ ब्रुकलाइन येथे बील्स स्ट्रीटवर एक साधे लाकडी घर आहे. लग्नानंतर १९१४ ते १९२० पर्यंत जोसेफ आणि रोझ तेथे राहिले, आणि २९ मे १९१७ रोजी जॉनचा जन्म तेथेच झाला. पुढे ते घर विकले गेले, हातोहात फिरले. मुलाच्या खुनानंतर तीन वर्षांनी, १९६६ मध्ये, कुटुंबाने ते परत विकत घेतले. रोझ यांचे वय तेव्हा पंचाहत्तर पार झालेले. १९१७ साली ते घर जसे होते तसे त्यांनी स्मरणाने पुन्हा मांडले. कोणता पलंग कुठे, जेवणाचे टेबल कसे, पाळणा कोणत्या खोलीत, भिंतीवर कोणते चित्र. काही वस्तू मूळच्या मिळाल्या, काही त्यांच्या सांगण्यावरून शोधून आणल्या. मग ते घर त्यांनी राष्ट्राला दिले, आणि १९६९ च्या मे महिन्यात ते लोकांसाठी उघडले.

त्या घराला समुद्र नाही, तलाव नाही, उंच भिंतही नाही. पाहुणा आत शिरला की त्याला ध्वनिमुद्रित केलेला एका वृद्ध स्त्रीचा आवाज ऐकावयास मिळे. मुले संध्याकाळी कुठे बसत, रविवारी जेवणात काय असे, आजारी जॉनच्या उशाशी बसून आपण कोणती गोष्ट वाचून दाखवीत असू, हे ती सावकाश, एका खोलीतून दुसऱ्या खोलीत जात असल्यासारखी, सांगत असे.